ऑफिसच्या लॅपटॉपवरून खासगी गोष्टी वेगळ्या कशा काढाव्यात: योग्य क्रम आणि नेहमीच्या चुका

कंपनीच्या आयटी विभागात मी बरीच वर्षं लॅपटॉप देण्याघेण्याचं काम केलं. नोकरी सोडणारा माणूस लॅपटॉप परत करायला येतो तेव्हा काय काय निस्तरावं लागतं, ते जवळून पाहिलं. एका सहकारी बाईंनी ऑफिसच्या ब्राउझरमधले सगळे पासवर्ड पुसले आणि संध्याकाळी पाहतात तर स्वतःच्या फोनमधलेही गेलेले. दुसऱ्या एकाने राजीनामा दिला त्याच दुपारी घरचे फोटो पेनड्राइव्हवर घेतले आणि पुढचा आठवडाभर आपण कंपनीचा डेटा नेला नाही हे पटवून देत राहिला. दोघांचाही हेतू साफ होता. कामंही करण्यासारखीच होती, फक्त क्रम उलटा होता.

म्हणून हा लेख मुख्यतः क्रमाविषयी आहे. कंपनीची नजर कशी चुकवायची हे इथे सापडणार नाही. तो मार्ग नोकरीवर बेततो आणि बहुतेक वेळा चालतही नाही. कंपनीच्या यंत्रावर जे होईल ते कंपनीला दिसू शकतं, हे धरून चालायचं आणि आपलं जे काही तिथे साचलं आहे ते उचलून आपल्या यंत्रावर आणायचं.

## तयारी: सुरुवात करण्याआधी हाताशी काय हवं

हे काम नोकरी सुरळीत चालू असतानाच करा. भांडण झाल्यावर, नोटीस पिरियडमध्ये किंवा कपातीची कुजबुज सुरू झाल्यावर केलं, तर तीच साधी कृती संशयास्पद दिसते. दोन निवांत संध्याकाळी पुरतात.

स्वतःचं एक यंत्र लागेल. लॅपटॉप नसेल तर स्वतःचा फोनही चालेल, पण तो कंपनीने दिलेला नको. इंटरनेटही स्वतःचं हवं: घरचं वायफाय किंवा मोबाइल डेटा.

तिसरी गोष्ट म्हणजे कागद आणि पेन. खात्यांची यादी ऑफिसच्या लॅपटॉपवर टाइप करू नका. आपल्या सगळ्या खासगी खात्यांची यादी करून ती कंपनीच्याच यंत्रात ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. कागदावर तीन रकाने आखा: खातं कोणतं, ते कोणत्या ईमेलवर उघडलं आहे, आणि त्याचा ओटीपी किंवा कोड कुठे येतो. पुढचे सगळे टप्पे या कागदावर चालतील.

सावधान: तयारी म्हणून कुठलंही क्लीनर, खासगी व्हीपीएन (इंटरनेटवरची ये-जा झाकणारी सोय) किंवा ‘नजर ओळखणारं’ सॉफ्टवेअर ऑफिसच्या लॅपटॉपवर टाकू नका. परवानगीशिवाय सॉफ्टवेअर टाकणं हाच बहुतेक कंपन्यांत नियमभंग असतो आणि ते टाकल्याची नोंद लगेच होते.

## टप्पा १: तुम्ही सही केलेली पॉलिसी वाचा

ऑफर लेटर, जॉइनिंगच्या दिवशी टिक केलेले फॉर्म, कर्मचारी नियमावली आणि आयटी वापराचं धोरण, एवढे चार कागद शोधा. त्यात ‘मॉनिटरिंग’, ‘वापराचे नियम’, ‘स्वतःची उपकरणं’ आणि ‘वैयक्तिक वापर’ हे भाग काढून पाहा.

वाचताना दोन प्रश्न डोक्यात ठेवा. थोडाफार वैयक्तिक वापर चालतो असं लिहिलं आहे का? आणि नोंदी कशाच्या ठेवल्या जातात: वेबसाइटच्या नावांच्या, स्क्रीनच्या, की टाइप केलेल्या मजकुराच्या? ‘कंपनी आपल्या यंत्रणेवरील कोणतीही हालचाल तपासू शकते’ असं एकच वाक्य असेल, तर त्याचा अर्थ ‘सगळं’ असा घ्या.

वैयक्तिक वापर चालतो म्हणजे तो खासगी राहतो असं मात्र नाही. वापराची परवानगी आणि गुप्ततेची हमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही गफलत मी सर्वांत जास्त ऐकली आहे.

## टप्पा २: नजर कुठे कुठे आहे ते पाहा

लोक एकच सॉफ्टवेअर शोधत बसतात. प्रत्यक्षात चार वेगवेगळ्या जागी नोंदी होतात आणि एका ठिकाणी काही सापडलं नाही म्हणून बाकीच्या तीन मोकळ्या ठरत नाहीत.

यंत्र. विंडोजमध्ये सेटिंग्ज उघडा, अकाउंट्समध्ये जा आणि ‘ॲक्सेस वर्क ऑर स्कूल’ निवडा. कंपनीचं खातं जोडलेलं असेल तर त्यावर क्लिक करा. ‘इन्फो’ हे बटण दिसलं तर लॅपटॉप दुरून सांभाळला जातो आणि त्यावर कोणकोणती धोरणं लागू आहेत तेही तिथे कळतं. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस मॅनेजमेंट’ शोधा. मग ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये स्क्रीन रेकॉर्डिंग, ॲक्सेसिबिलिटी, इनपुट मॉनिटरिंग आणि फुल डिस्क ॲक्सेस या चार याद्या बघा. स्क्रीन टिपण्याची परवानगी कोणत्या ॲपला आहे हे मॅकवर तिथे दिसतं. यादीत मीटिंगचं ॲप असणं स्वाभाविक आहे. अनोळखी नाव असेल तर ते कागदावर लिहून ठेवा.

इथे थोडा फरक समजून घ्या. मायक्रोसॉफ्ट इंट्यून किंवा जॅम्फसारखी साधनं यंत्र सांभाळतात: अपडेट, पासवर्डचे नियम, हरवलं तर पुसणं. क्राउडस्ट्राइक किंवा मायक्रोसॉफ्ट डिफेंडरसारखी सुरक्षा साधनं कोणता प्रोग्रॅम चालला, कुठे जोडला गेला याची नोंद ठेवतात. टेरामाइंड, ॲक्टिव्हट्रॅक, हबस्टाफ यांसारखी साधनं मुळात माणसाच्या कामावर लक्ष ठेवण्यासाठीच बनलेली आहेत: कोणत्या ॲपमध्ये किती वेळ, माउस किती हलला, आणि त्या त्या साधनात सोय असेल व ती चालू केली असेल तर स्क्रीनशॉटही. पहिल्या दोन प्रकारांमुळे घाबरून जायचं कारण नाही, त्यांच्याशिवाय कंपनी सुरक्षित राहू शकत नाही. तिसरा प्रकार असेल तर मात्र टप्पा ८ नीट वाचा.

ब्राउझर. क्रोममध्ये उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करा. मेनूच्या तळाशी ब्राउझर तुमच्या संस्थेकडून सांभाळला जातो अशी ओळ दिसली तर तिच्यावर क्लिक करा. कंपनीने बसवलेली एक्स्टेन्शन आणि ती काय काय वाचू शकतात ते तिथे लिहिलेलं असतं.

नेटवर्क. एखादी नेहमीची वेबसाइट उघडा, पत्त्याशेजारच्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट (साइट खरी असल्याचा डिजिटल दाखला) बघा आणि ते कोणी दिलं आहे ते वाचा. तिथे कंपनीचं किंवा झीस्केलरसारख्या सुरक्षा सेवेचं नाव दिसलं, तर कंपनी तो एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येऊ नये असा बंद केलेला, प्रवाह मध्येच उघडून तपासते. कुलपाचं चिन्ह दिसत असलं तरी मजकूर वाचता येतो. ही तपासणी दोनतीन साइटवर करा, कारण बँका आणि रुग्णालयांच्या साइट अनेक कंपन्या मुद्दाम वगळतात.

खातं. लॅपटॉप बंद असला, तुम्ही स्वतःच्या फोनवरून कंपनीचा मेल उघडला, तरी नोंद खात्यात होतेच. मेल, चॅट, सामायिक फाइल्स यांचं नियंत्रण ॲडमिनकडे असतं. कंपनीने गुगल व्हॉल्टसारखं साधन लावलं असेल तर तुम्ही पुसलेलाही मजकूर ठरलेल्या मुदतीपर्यंत जपला जातो.

तपासा: कागदावर चार ओळी झाल्या का? यंत्र, ब्राउझर, नेटवर्क, खातं. प्रत्येकीसमोर ‘आहे’, ‘नाही’ किंवा ‘कळलं नाही’ लिहा. ‘कळलं नाही’ला ‘आहे’ समजून पुढे जा.

याच टप्प्यावर तीन गैरसमज खोडून काढतो, कारण त्यांच्या भरवशावर लोक पुढचे टप्पे टाळतात.

इनकॉग्निटो विंडो एवढंच करते, की त्या लॅपटॉपवर ब्राउझरची हिस्ट्री साठवत नाही. नेटवर्कला, यंत्रावरच्या साधनांना तिने काहीच फरक पडत नाही. क्रोमच्या इनकॉग्निटो पानावरही तुमची हालचाल कंपनीला दिसू शकते असं लिहिलेलं असतं, पण ते पान कोणी वाचत नाही.

व्हॉट्सॲप वेब एन्क्रिप्टेड आहे म्हणून सुरक्षित आहे, हा दुसरा गैरसमज. एन्क्रिप्शन वाटेतल्या निरोपाला असतं. निरोप स्क्रीनवर आला की तो उलगडलेला असतो आणि स्क्रीनशॉट घेणारं साधन तोच टिपतं.

तिसरा गैरसमज नेमका उलट्या दिशेचा. ऑफिसचा लॅपटॉप घरच्या वायफायवर आला म्हणून घरातल्या इतरांच्या फोनमधला मजकूर कंपनीला दिसू लागत नाही. ही भीती मनात धरून घरात दोन वेगळी कनेक्शन घेतलेले लोक मला माहीत आहेत. त्याची गरज नव्हती.

## टप्पा ३: आधी खात्यांच्या चाव्या बदला

सगळ्यात जास्त नुकसान याच टप्प्यावर होतं, कारण लोक हा टप्पा शेवटी ठेवतात किंवा विसरतातच. ऑफिसच्या लॅपटॉपवरून काहीही पुसण्याआधी, प्रत्येक खासगी खातं तुमच्या स्वतःच्या यंत्रावरून उघडतं आहे याची खात्री हवी.

कागदावरच्या दुसऱ्या रकान्यात जिथे जिथे कंपनीचा ईमेल आहे त्या ओळींवर खूण करा. लिंक्डइन, प्रवासाची बुकिंग, विम्याचं पोर्टल, मुलांच्या शाळेचं ॲप, कुठेही तो सापडतो. स्वतःच्या फोनवरून प्रत्येक ठिकाणी जा, आधी खासगी ईमेल जोडा, त्यावर आलेला कोड टाकून तो पक्का करा, आणि मगच कंपनीचा ईमेल काढा. उलट केलंत तर मधल्या मधे खातं कोणत्याच पत्त्याचं राहणार नाही.

खातं परत मिळवण्यासाठी दिलेला ईमेल म्हणजे रिकव्हरी ईमेल वेगळा तपासा. मुख्य ईमेल खासगी असला तरी रिकव्हरीला दहा वर्षांपूर्वी कंपनीचा दिलेला असतो आणि ते लक्षातही नसतं.

तिसऱ्या रकान्यात कोड कंपनीच्या फोनवरच्या ऑथेंटिकेटर ॲपमध्ये येत असतील, तर ते आपल्या फोनवर हलवा. पासकी (पासवर्डऐवजी बोटाच्या ठशाने, चेहऱ्याने किंवा पिनने खातं उघडण्याची सोय) ऑफिसच्या लॅपटॉपवर बनवली असेल तर स्वतःच्या फोनवर नवीन बनवा आणि ती चालते हे पाहूनच जुनी काढा.

तपासा: ऑफिसचा लॅपटॉप बंद करून बाजूला ठेवा. यादीतल्या प्रत्येक खात्यात स्वतःच्या फोनवरून एकदा बाहेर पडून पुन्हा आत या. एक जरी अडलं तरी टप्पा ४ सुरू करू नका.

## टप्पा ४: ब्राउझर मोकळा करा

लेखाच्या सुरुवातीला सांगितलेल्या बाईंचे पासवर्ड इथेच गेले. ऑफिसच्या क्रोममध्ये तुमचं खासगी गुगल खातं सिंक (सगळ्या उपकरणांवर तीच माहिती आपोआप ठेवणारी सोय) चालू ठेवून जोडलेलं असतं, तेव्हा तिथली हिस्ट्री, बुकमार्क आणि पासवर्ड हे तुमच्या खात्याचेच भाग असतात. सिंक चालू असताना ते पुसले की खात्यातून पुसले जातात आणि फोनवरूनही नाहीसे होतात.

म्हणून या क्रमाने जा:

१. स्वतःच्या फोनवर गुगल पासवर्ड मॅनेजर उघडा आणि पाचसहा महत्त्वाचे पासवर्ड तिथे दिसतात का बघा. बुकमार्कही तसेच तपासा. काही फक्त ऑफिसच्या लॅपटॉपवर साठवलं असेल तर ते इथे दिसणार नाही. ते आधी आपल्या खात्यात हाताने भरून घ्या.

२. ऑफिसच्या लॅपटॉपवर खासगी खात्याची वेगळी ब्राउझर प्रोफाइल असेल तर ती पूर्ण प्रोफाइल काढून टाका. प्रोफाइल काढल्याने त्या लॅपटॉपवरची प्रत जाते, गुगल खात्यातली राहते. एकेक गोष्ट पुसत बसू नका.

३. कंपनीच्या प्रोफाइलमध्येच खासगी जीमेल उघडत असाल तर त्यातून बाहेर पडा. त्या प्रोफाइलमध्ये चुकून साठवलेले खासगी पासवर्ड आता काढा. हे पासवर्ड कंपनीच्या खात्यात असल्यामुळे तुमच्या फोनवर परिणाम होणार नाही, पण पहिली पायरी झाली आहे ना, हे पुन्हा बघा.

४. शेवटी फोनवरून गुगल खात्याच्या सिक्युरिटी भागात जाऊन ‘तुमची उपकरणं’ उघडा आणि ऑफिसचा लॅपटॉप तिथून साइन आउट करा. व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधूनही तो काढा. टेलिग्राम, फेसबुक, जी काही ॲप्स तिथे उघडली होती ती सगळी फोनवरूनच बंद करा.

ज्या पासवर्डने ऑफिसच्या लॅपटॉपवर खासगी खाती उघडलीत ते सगळे महत्त्वाचे पासवर्ड यानंतर बदला. बँक आणि मुख्य ईमेल तरी नक्की.

नुसतं बाहेर पडणं का पुरत नाही, याचं एक ठळक उदाहरण अमेरिकेत न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आलं होतं. एका कर्मचारी बाईंनी कंपनीच्या लॅपटॉपवरून, पण स्वतःच्या पासवर्ड असलेल्या याहू खात्यातून आपल्या वकिलाशी पत्रव्यवहार केला. त्यांनी नोकरी सोडल्यावर कंपनीने डिस्कची प्रत काढली, तर ब्राउझरने आपोआप साठवलेल्या तात्पुरत्या फाइल्समध्ये ते मेल सापडले. २०१० साली न्यायालयाने त्या बाईंच्या बाजूने निकाल दिला, कारण तो वकिलाशी झालेला गोपनीय संवाद होता. साध्या खासगी मेलला असं संरक्षण मिळेलच असं नाही. वकील, डॉक्टर, नवीन नोकरी आणि पगाराची तक्रार या चार गोष्टींसाठी ऑफिसचं यंत्र कधीच उघडू नका. माझी ही कळकळीची विनंती आहे.

## टप्पा ५: फाइल्स बाहेर काढा

आधी फाइल नेमकी कुठे आहे ते बघा. अनेक कंपन्यांत वनड्राइव्ह असं लावलेलं असतं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर आपोआप कंपनीच्या क्लाउडवर जातात. फाइलच्या चिन्हाशेजारी ढग किंवा हिरवी बरोबरची खूण दिसली तर तुमच्या ‘डेस्कटॉप’वरचा फोटो केव्हाच कंपनीच्या खात्यात पोचला आहे. तुम्ही तो पुसलात तरी कंपनीच्या वनड्राइव्हच्या कचरापेटीत तो ९३ दिवसांपर्यंत राहू शकतो. मॅकवर स्वतःचं आयक्लाउड जोडलं असेल तर धोका वेगळा आहे: आयक्लाउड ड्राइव्हमधली फाइल तिथे पुसली की तुमच्या घरच्या यंत्रावरूनही जाते.

खासगी फाइल्स म्हणजे निखळ खासगीच. कुटुंबाचे फोटो, स्वतःची प्रमाणपत्रं, पगाराच्या स्लिपा. तुम्ही बनवलेलं प्रेझेंटेशन, ग्राहकांची यादी, स्वतः लिहिलेला कोड, कामाचे नमुने यातलं काहीही नाही, ते कितीही आपलं वाटलं तरी. शंका असेल ती फाइल मागे ठेवा.

मग मॅनेजरला किंवा आयटीला दोन ओळींचा मेल टाका: ‘लॅपटॉपवर माझे काही वैयक्तिक फोटो आणि कागदपत्रं आहेत. ती कशा पद्धतीने बाहेर काढावीत ते कळवाल का?’ एवढं पुरतं. मी आयटीत असताना असा मेल आला की दहा मिनिटांत सोय करून देत असे. न विचारता पेनड्राइव्ह लावलेला दिसला की मात्र आम्हाला चौकशी करावीच लागे. डेटा गळती रोखणारी साधनं पेनड्राइव्हवर गेलेल्या प्रत्येक फाइलचं नाव आणि वेळ लिहून ठेवतात. त्यातल्या काहींत नोकरी सोडणाऱ्यांसाठी खास नियम असतात, जे राजीनाम्याची तारीख यंत्रणेत आली की जागे होतात.

सावधान: कामाची फाइल स्वतःच्या जीमेलवर ‘घरून पाहू’ म्हणून पाठवण्याची सवय आजच सोडा. हेतू कामाचा असला तरी नोंदीत ती ‘कंपनीबाहेर पाठवलेली फाइल’ म्हणूनच राहते.

तपासा: फाइल्स स्वतःच्या यंत्रावर आल्यावर त्यातल्या पाचदहा उघडून बघा. नुसती नावं दिसणं पुरेसं नाही. मग मूळ प्रती पुसा.

## टप्पा ६: स्वतःचा फोन

स्वतःच्या फोनवर कंपनीचा मेल घेताना कोणत्या प्रकारे जोडणी होते यावर सगळं अवलंबून आहे. अँड्रॉइडवर ‘वर्क प्रोफाइल’ बनली तर कामाच्या ॲप्सवर ब्रीफकेसचं छोटं चिन्ह येतं. तुमच्या स्वतःच्या फोनवर ही पद्धत असेल तर कंपनीचं राज्य त्या प्रोफाइलपुरतं असतं. तुमचे फोटो, निरोप, खासगी ॲप्स पलीकडे राहतात. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल आणि मग ‘व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट’ उघडा. सेटिंग्जच्या सुरुवातीलाच फोन ‘सुपरवाइज्ड’ आहे असं लिहिलेलं असेल तर त्यावर कंपनीचा ताबा बराच खोल आहे.

जुन्या पद्धतीने नुसतं मेलचं खातं जोडताना ‘ॲडमिनला हा फोन पूर्ण पुसण्याची परवानगी द्या’ असा प्रश्न येत असेल, तर तिथेच थांबा आणि वर्क प्रोफाइलची सोय आहे का ते आयटीला विचारा. ऑफिसच्या वायफायसाठी फोनवर सर्टिफिकेट टाकायला सांगितलं तर ते कशासाठी आहे हे विचारल्याशिवाय टाकू नका. शक्य असेल तर तिथे मोबाइल डेटा वापरा.

## टप्पा ७: रोजच्या सवयी

मोकळा केलेला लॅपटॉप महिन्याभरात पुन्हा भरतो, कारण सवयी त्याच राहतात. खासगी काम फोनवर, ऑफिसचं काम ऑफिसच्या लॅपटॉपवर, ही एकच रेघ पाळली तर पुरे.

कंपनीच्या चॅटवर मैत्रिणीला लिहिलेला निरोप खासगी नसतो. स्लॅकच्या वरच्या दर्जाच्या योजनांत कंपनी अर्ज करून थेट संदेशही बाहेर काढू शकते. टीम्समध्ये तुम्ही पुसलेला निरोप कंपनीच्या जतन धोरणाप्रमाणे मागे राहू शकतो. वरिष्ठांबद्दलचा राग, सहकाऱ्याच्या तब्येतीची बातमी, हे प्रत्यक्ष भेटून किंवा स्वतःच्या फोनवरून बोला.

आता माउस आपोआप हलवत ठेवून काम चालू असल्याचं भासवणाऱ्या यंत्रांविषयी. टीम्समध्ये पाचेक मिनिटं हालचाल नसली की हिरवा ठिपका पिवळा होतो आणि त्या पिवळ्या ठिपक्याची लोकांना धास्ती वाटते. ती मी समजू शकतो. विचार करणं, फोनवर बोलणं, कागदावर आराखडा काढणं हे सगळं काम आहे आणि त्यात माउस हलत नाही. फ्रान्सच्या डेटा संरक्षण संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये एका कंपनीला ४०,००० युरो दंड केला तो याच प्रकारासाठी. तिथलं सॉफ्टवेअर ३ ते १५ मिनिटं कीबोर्ड-माउस शांत राहिला की ती निष्क्रियता मोजत होतं, आणि मीटिंग किंवा फोन यातही कामाचा वेळ जातो हे धरतच नव्हतं. म्हणजे तक्रार रास्त आहे. तरीही माउस हलवणारं यंत्र वापरू नका. वेल्स फार्गो बँकेने २०२४ मध्ये कीबोर्डची खोटी हालचाल दाखवल्याच्या कारणावरून डझनाहून अधिक लोकांना कामावरून काढलं. ठिपका पिवळा दिसणं याचं स्पष्टीकरण देता येतं, खोटी हालचाल दाखवण्याचं देता येत नाही.

त्याऐवजी कॅलेंडरमध्ये ‘आराखड्याचं काम’, ‘ग्राहकाशी फोन’ असे तुकडे भरून ठेवा. कधी प्रश्न आलाच तर ते तुमच्या बाजूने बोलतील.

## टप्पा ८: विचारायचं असेल तर असं विचारा

टप्पा २ मध्ये लोकांच्या कामावर लक्ष ठेवणारं साधन दिसलं, किंवा पॉलिसी मोघम असली, तर विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. कायदे देशागणिक वेगळे आहेत. न्यूयॉर्क राज्यात मे २०२२ पासून कंपनीला अशा देखरेखीची लेखी सूचना नोकरीवर घेतानाच द्यावी लागते. युरोपीय संघात कर्मचारी आपल्याविषयीच्या माहितीची प्रत मागू शकतो आणि कंपनीला साधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं कलम ७ मात्र नोकरीशी संबंधित कारणांसाठी आणि कंपनीला नुकसानीपासून वाचवण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा देतं, म्हणून तिथे कंपनीचं स्वतःचं धोरण काय म्हणतं याला जास्त वजन येतं.

काय विचारावं, यासाठी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाचा सप्टेंबर २०१७ चा एक निकाल उपयोगी पडतो. रुमानियातल्या एका इंजिनिअरचे चॅट कंपनीने वाचून त्याला काढलं होतं. न्यायालयाने त्याच्या खासगीपणाच्या हक्काचा भंग झाल्याचं ठरवलं आणि तपासायचे मुद्दे घालून दिले. त्यांवरूनच मी हे प्रश्न काढले आहेत:

– देखरेख सुरू होण्याआधी आम्हाला कळवलं आहे का, आणि कुठे?
– नेमकं काय नोंदवलं जातं: वेळ आणि ॲपची नावं, की स्क्रीन आणि टाइप केलेला मजकूरही?
– कामाच्या वेळेबाहेरही ते चालू राहतं का? कॅमेरा आणि माइकचं काय?
– ते कोणत्या कारणासाठी आहे, आणि कमी खोल उपायाने तेच साधलं नसतं का?
– या नोंदी कोण बघतं, किती दिवस ठेवतात, पगारवाढीत किंवा कारवाईत वापरतात का?

लेखी विचारा, शांत भाषेत विचारा, आणि जमलं तर दोघातिघांनी मिळून विचारा. ‘माझ्यावर नजर ठेवता का?’ असं विचारलंत तर समोरचा बचावाला उभा राहतो. ‘धोरणातला हा भाग मला नीट कळला नाही, खुलासा हवा आहे’ असं लिहिलंत तर उत्तर द्यावंच लागतं. विचारून काही होत नाही असं वाटणाऱ्यांना मी मायक्रोसॉफ्टचं उदाहरण देतो. त्यांच्या प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर या साधनात कोणता कर्मचारी किती मेल आणि चॅट करतो हे नावानिशी दिसत होतं. २०२० च्या नोव्हेंबरात त्यावर जाहीर टीका झाली आणि डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी कंपनीने नावं काढत असल्याचं जाहीर केलं.

## टप्पा ९: लॅपटॉप परत करताना

पहिले सहा टप्पे वेळेवर झाले असतील तर इथे फार काही उरत नाही. झाले नसतील तर राजीनाम्याचा मेल पाठवण्याआधी टप्पा ३ तरी पूर्ण करा. काही कंपन्यांत राजीनामा पोचताच खातं बंद होतं आणि मग कंपनीच्या ईमेलवर येणारा कोड कधीच मिळत नाही.

मॅक असेल तर ‘फाइंड माय’ (हरवलेलं यंत्र शोधणारी सोय) बंद करून ॲपल खात्यातून बाहेर पडा. हे राहिलं तर तो मॅक तुमच्या खात्याला कुलूपबंद राहतो, आयटीला तो दुसऱ्याला देता येत नाही आणि नोकरी सोडल्यावरही तुम्हाला फोन येत राहतात.

लॅपटॉप स्वतः फॉरमॅट करू नका. ‘सगळं साफ करून देतो’ म्हणून चांगल्या मनाने केलेली ही गोष्ट कंपनीच्या नोंदी नष्ट केल्यासारखी दिसते, आणि एखादी चौकशी चालू असेल तर प्रकरण कायद्यापर्यंत जातं. मेलबॉक्सही रिकामा करू नका. मायक्रोसॉफ्टच्या मेलमध्ये कचरापेटीतूनही पुसलेला मेल साधारण १४ दिवस, कंपनीने मुदत वाढवली असेल तर ३० दिवसांपर्यंत परत काढता येतो, आणि कायदेशीर कारणासाठी जतन करायला सांगितला असेल तर त्याहूनही पुढे. म्हणजे पुसून काही लपत नाही, फक्त पुसल्याची नोंद राहते.

लॅपटॉप, चार्जर, ओळखपत्र दिल्याची पोच लेखी घ्या. त्यावर यंत्राचा अनुक्रमांक आणि तारीख हवी. त्याच संध्याकाळी टप्पा ३ चा कागद पुन्हा काढून स्वतःच्या फोनवरून प्रत्येक खात्याच्या उपकरणांची यादी बघा. ऑफिसच्या लॅपटॉपचं नाव कुठे उरलं असेल तर तिथून काढा, आणि मग तो कागद फाडून टाका.